पोल्ट्री शेडमधली कार्बाइन

आमच्या क्लबचे किस्से सांगायला बसलो की बायको न विचारता चहाचं आधण वाढवते. तिला अनुभवानं माहीत आहे, पाहुणे आता तासभर उठत नाहीत! मी ठरवून काही साठवलेलं नाही हो. पण आमच्या शेडमध्ये कितीही झाडलं तरी कोपऱ्यातून एखादं पीस निघायचंच, तसं एक आठवलं की मागून दुसरं येतं.

पीस म्हणजे खरंच पीस, कोंबडीचं! नव्वद सालानंतरची गोष्ट. केंदूरला आबांच्या चुलतभावाची पोल्ट्री बंद पडली आणि लांबलचक शेड रिकामी राहिली. दहा मीटरवरून छर्ऱ्याच्या बंदुकीनं कागदावर नेम धरायला याहून झकास जागा कुठं मिळणार? आबांनी ती मागून घेतली आणि आमचा रायफल क्लब सुरू झाला.

मेंबर मोजून चार. आबा म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार. घरचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेले, आबा तेवढे पलटणीत गेले. दुसरा बापू सुतार. तिसरे शहाशेठ, त्यांचं शिरूरच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान. चौथा मी, कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात टूलरूमला टर्नर. मला मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो, पण समोरचा माणूस दिसत नाही, असं बायकोचं म्हणणं. ते किती खरं होतं ते पुढं येईलच.

शेडवर 'रायफल क्लब' अशी पाटी लावली, पण खालची 'ताजी अंडी मिळतील' ही जुनी पाटी काढायची राहून गेली. लोक पिशवी घेऊन यायचे. आबा शांतपणे सांगायचे, "अंडी न्हाईत. नेम शिकायचा आसंल तर आत या."

*

तशी अंडी एकदा मिळाली म्हणा!

छर्रे अडवायला आम्ही भिंतीशी एक लाकडी पेटी ठेवली होती, आत जुन्या गोधड्या कोंबलेल्या. एका रविवारी आबांनी बंदूक खांद्याला लावली, आणि एकदम खाली घेतली. "सीज फायर!"

आम्ही जागच्या जागी थिजलो. आबा हळूहळू पेटीपाशी गेले. आत एक चुकार कोंबडी खुडूक होऊन बसली होती. पोटाखाली नऊ अंडी!

बापू म्हणाला, "हुसकून देतो की आबा. मिन्टाचं काम."

"बसल्याली बाई उठवायची न्हाई," आबा म्हणाले.

"मग किती दिवस थांबायचं?"

"एकवीस."

एकवीस दिवस आमचा क्लब बंद! पण सुट्टी नाही हां. आबा आम्हाला शेडबाहेर लिंबाखाली बसवून श्वास कसा धरायचा, ट्रिगर कसा दाबायचा, हे शिकवायचे, तेही हळू आवाजात, कोंबडी बिचकेल म्हणून. बाविसाव्या दिवशी सात पिल्लं बाहेर आली. शहाशेठ पेढे घेऊन आले.

त्या रविवारी आबांनी हजेरीच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, "हजर: चार. नवीन भरती: सात."

*

दर वर्षी दिवाळी झाली की भीमेपलीकडच्या राहू गावात आमची दौंडकरांशी मॅच असायची. तिकडचे म्होरके म्हणजे मामा. आबांच्याच पलटणीत आर्मरर होते, म्हणजे फौजेच्या बंदुका दुरुस्त करणारे. सगळे त्यांना मामाच म्हणत, आबासुद्धा. मॅचला प्रत्येकाला दहा छर्रे मिळत आणि पहिला नंबर मामांचा, हे ठरलेलं. मामांचा छर्रा चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

एका मॅचला मात्र आबांचे दोन छर्रे कागदाबाहेर गेले. केंदूर आल्यावर म्हणाले, "बंदूक जड झाली रं. हात हालतुया. म्होरल्या वर्साला धाच्या धा कागदावर बसल्या तर ठीक. एक जरी भाईर गेली, तर बंदूक खुंटीला."

आबांचा शब्द म्हणजे शब्द. विडी सोडतो म्हणाले तेव्हा हातातली पेटलेली विडीही त्यांनी अर्धी टाकली होती. काकू, म्हणजे आबांच्या मंडळी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमची ती शेड हाय म्हून ह्यो मानूस सकाळी उठतुया. ती सुटली तर दिवसभर भितीकडं बघत बसंल. काय तरी करा."

बंदूक जड आहे ना? मग हलकी करू! टूलरूमच्या माणसाला दुसरं काय सुचणार? आबांनीही हुकूम दिला, "आखूड आन् हलकी. कार्बाइन करा."

आम्ही कार्बाइन करायला घेतली. बापूनं पांगाऱ्याचं लाकूड आणून नवा दस्ता कोरला. मी नळी आखूड केली, जिथं लोखंडावाचून चालेल तिथं अॅल्युमिनियम बसवलं. वजन करायला शेडमध्ये कोंबड्या तोलायचा काटा होताच. दर रविवारी बंदूक त्या आकड्याला उलटी टांगायची आणि बापूनं ओरडायचं, "जिती का सोलल्याली?"

तीन किलोंची बंदूक दोन किलो शंभरावर आली. शहाशेठ म्हणाले, "आता फक्त मसाला लावायचा राहिला!"

*

त्या काळात घरी फोन कुणाकडे? मी कोरेगावच्या एसटीडी बूथवरून शहाशेठच्या दुकानात फोन लावला. लाइन खराब, म्हणून ओरडून बोलत होतो. "शेठ, कार्बाइन तयार झाली! हो, हो, नळी कापली! आता साइट लावली की राहूला मामांकडं!"

बूथवाल्यानं माझ्याकडून पैसेसुद्धा घेतले नाहीत. लांबूनच हात जोडले. मला वाटलं, आपली ओळख वाढली वाटतं!

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात मोटरसायकलवरून एक पोलीस हवालदार हजर. "कार्बाइन कुठाय?" आबांनी अदबीनं त्यांच्या हातात दिली, वर छर्ऱ्यांची डबीही दिली. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली, मग कागदाकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "एक मारून बघू का?"

एकाचे दहा झाले. कागदाला लागला एक. आबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, रयवारी येत जावा. आपण दोघंबी हवालदार, सांभाळून घेऊ."

*

आता साइट, म्हणजे नेम धरायला बंदुकीवर बसवतात ती. तिथं खरी गंमत.

शहाशेठनी पहिल्यांदा पुण्याहून दुर्बीण आणली. झोकात बसवली. बापूनं डोळा लावला आणि किंचाळून मागं सरला, "आरं, मगर!" कागदावर पाल बसली होती.

आबांनी दुर्बिणीतून पाहिलं, म्हणाले, "नगं." मग आम्ही मागं बारीक भोकाची चकती आणि पुढं गोल कडी लावली. भोकातून कडी बघायची, कडीत कागदावरचा काळा ठिपका धरायचा, की झालं. आबा म्हणाले, "कडी बारीक हाय." मी मोठी केली. "अजून." आणखी मोठी केली. चार रविवार चार कड्या! पाचव्या वेळी मी वैतागून म्हणालो, "आबा, आता बांगडी लावू का?"

सगळे हसले. आबाही हसले. फक्त शहाशेठ हसले नाहीत. ते चष्मा पुसत बसले. माझ्या लक्षात आलं, पण त्यावर विचार कोण करतो? मला पाचवी कडी कितीची करायची हे डोक्यात.

*

खंडेनवमी आली. आम्ही आपापली हत्यारं पुजणारी माणसं. बापूनं रंधा, पटाशी, करवत मांडली, मी माझा मायक्रोमीटर ठेवला, शहाशेठ चष्म्याचे नंबर काढायची पेटी घेऊन आले, आणि मधोमध कार्बाइन. बापूनं ओली हळद अगदी सढळ हातानं लावली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोचलं. नारळ फुटला.

पुढच्या रविवारी आबांनी कार्बाइन उचलली. गाल टेकवला, बराच वेळ नेम धरला.

"कशी दिसतीय आबा कडी?" मी विचारलं.

"फस्क्लास! आता कसं चकचकीत दिसतंय. हीच पायजे व्हती."

छर्रा सुटला आणि लांब डावीकडे भिंतीवर बसला. मी म्हटलं, साइट हलली असेल. बंदूक घेऊन डोळा लावला, तर अंधार! मागच्या चकतीचं भोक हळदीनं गच्च बुजून वाळलं होतं. मला हसू आवरेना. "अहो आबा, भोक बुजलंय की! तुम्हाला दिसलं काय फस्क्लास?"

माझ्यासोबत कुणीच हसलं नाही.

शेवटी शहाशेठ म्हणाले, "उजव्या डोळ्याला काचबिंदू. मागच्या वर्षीच सगळं गेलं. डावा औषधावर चांगला आहे. मला यांनी कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती."

म्हणजे वर्षभर हा माणूस आठवणीनं नेम धरत होता. आणि मी त्यांना बांगडी लावू का म्हणून विचारलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला आज लाज वाटत नाही.

आबांनी माझ्या हातातून कार्बाइन घेतली, धोतराच्या सोग्यानं ती हळद पुसली. "डोळा गेलाय," ते म्हणाले. "नेम न्हाई गेला."

*

मॅचला तीन आठवडे उरले होते. डाव्या खांद्याला बंदूक लावता येईना, फौजेतल्या जुन्या दुखापतीनं तिथं कळ यायची. म्हणजे बंदूक उजव्या खांद्याला आणि बघायचं डाव्या डोळ्यानं! मग मी ठरवलं, डोळा साइटपाशी येत नाही तर साइट डोळ्यापाशी न्यायची. बंदुकीच्या डाव्या अंगाला पट्ट्या काढून भोक आणि कडी, दोन्ही त्यावर बसवायची.

त्यासाठी दोन डोळ्यांतलं अंतर पाहिजे. मी व्हर्नियर घेऊन आबांच्या घरी गेलो. आबा ओसरीवर ताठ बसले आणि मी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन माप घ्यायला लागलो.

आबा म्हणाले, "जन्मात माझ्या डोळ्यात एवढं कुनी बघितलं न्हाई. हिनंबी न्हाई."

आतून काकूंचा आवाज आला, "बघितलं आसतं तर लगीन केलं आसतं व्हय!"

पट्ट्या बसल्या. काकूंनी जुन्या घोंगडीचा तुकडा दुमडून दस्त्याच्या टोकाला शिवून दिला, खांद्याला टोचू नये म्हणून. रविवारी काट्याला टांगली, तर दोन किलो चारशे! इतके महिने खरवडलेल्या वजनातलं तीनशे ग्रॅम परत आलं. मी ओशाळून विचारलं, "आबा, जड झाली का हो पुन्हा?"

आबांनी बंदूक खांद्याला लावली, डावा डोळा कडीवर आणला. "जड कवाच न्हवती रं," ते म्हणाले.

*

मॅचच्या आठवडाभर आधी कार्बाइनची स्प्रिंग सैल वाटायला लागली. आबांना न सांगता बापू आणि मी ती घेऊन राहूला मामांकडे गेलो. मामा गोठ्यात आमच्याकडे पाठ करून म्हशीला पेंड कालवत होते. बापूला बंदूक हातात आली की चैन पडत नाही. त्यानं छर्रा न भरताच चाप ओढला.

मामा वळलेसुद्धा नाहीत. "कोण रं रिकामी मारतंय? स्प्रिंग मरंल ना!"

"मामा, तुम्हाला कसं कळलं रिकामी म्हणून?"

"भरल्याली दबून बोलती, रिकामी कोकलती. चाळीस वर्सं आयकतोय. ह्यात काय कळायचं?"

मग हात धुऊन त्यांनी कार्बाइन घेतली. डाव्या अंगाला काढलेल्या साइटवर त्यांची नजर थांबली. "उजवा का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बोलला न्हाई बेणं," मामा म्हणाले. खुंटीचा शब्दही मी त्यांना सांगितला. ते ऐकत ऐकत स्प्रिंग बदलत राहिले. तेल घातलं, फडक्यानं पुसली, आणि बंदूक माझ्या हातात देताना म्हणाले, "आपल्याकडं दयामाया न्हाई हां. मॅच म्हंजी मॅच!"

वाटेत बापू म्हणाला, "लई कडक मानूस."

*

आणि ती मॅच.

राहूच्या शाळेची लांब पडवी. पलीकडे भिंतीशी कागद लावलेले, एकाशेजारी एक. प्रत्येकाला बाटलीच्या झाकणात दहा छर्रे मोजून. आबांच्या शेजारी मामा. मी आबांच्या दुसऱ्या बाजूला होतो, पण खरं सांगतो, माझं लक्ष स्वतःच्या कागदावर नव्हतंच. तरी कसा कोण जाणे, माझा हात त्या दिवशी असा बसला होता की बस्स!

आबा सावकाश मारत होते. बंदूक मधून वाकवून उघडायची, झाकणातला छर्रा बोटांनी चाचपून घ्यायचा, भरायचा, डावा डोळा कडीवर आणायचा. काकू पडवीच्या टोकाला उभ्या होत्या, प्रत्येक आवाजाला पदर घट्ट धरत होत्या. आबांनी दहावा आवाज काढला, झाकण पालथं करून ठेवलं आणि बंदूक खाली घेतली. झाकण रिकामं.

मामांचा एक छर्रा अजून बाकी होता. ते नेहमीच सगळ्यांत शेवटी संपवायचे. त्यांनी तोही मारला.

कागद काढून आणले. शहाशेठनी आबांच्या कागदावर बोट ठेवत ठेवत भोकं मोजली आणि त्यांचा आवाज चिरकला, "दहा! दहाच्या दहा!" नऊ डाव्या खालच्या अंगाला पांगलेली, आणि एक बरोब्बर मधोमध! काकूंनी तिथंच पदर डोळ्यांना लावला. बापूनं आबांना उचललं, म्हणाला, "कोन म्हनलं व्हतं जड?"

त्या गोंधळात मामांचा कागद आला. नऊ भोकं! मामांचा छर्रा चुकला! पहिला नंबर कुणाचा? माझा! माझ्या आयुष्यातला पहिला कप. मामांनी स्वतःच्या हातानं दिला. "म्हातारं झालो गड्यांनो," ते म्हणाले. "शहाशेठ, मलाबी एक चष्मा करा."

परतताना टेम्पोत मी कप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि वाटभर मामांची टिंगल चालली होती. मॅच म्हंजी मॅच म्हणे! भीमेच्या पुलाअलीकडे बापूनं चहासाठी टेम्पो थांबवला. ऊन उतरलं होतं. आबा उठले, धोतराच्या निऱ्या झटकून सारख्या केल्या. टेम्पोच्या पत्र्यावर काहीतरी पडलं. टक्.

मी वाकून उचललं. छर्रा होता.

मी तो आबांच्या तळहातावर ठेवला. आबांनी तो डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला, बोटांत फिरवला.

"मामाच्या कागदावर किती भोकं व्हती?" त्यांनी विचारलं.

"नऊ, आबा."

आबांनी छर्रा मुठीत मिटला. मग म्हणाले, "कप हिकडं दे." मी दिला. मोजून सव्वा तास होता तो माझ्याकडे! "बापू, टेम्पो वळीव."

राहूला पोचलो तेव्हा मामा गोठ्यात म्हशीपाशी होते. आबा उतरले, कप त्यांच्यासमोर दगडावर ठेवला, आणि त्यांचा हात धरून तळहातावर तो छर्रा ठेवला. "मामा, ह्यो तुझा."

मामांनी छर्रा पाहिला, कप पाहिला. मग आबांची मूठ उघडून छर्रा परत तिच्यात ठेवला आणि बोटं एकेक करून मिटली.

"माझं धा मी मारलं, हवालदार," ते म्हणाले. "ह्यो तुझाच हाय. म्होरल्या वर्साला येताना घेऊन ये."